दोन कंपन्या एक होताना

एका कंपनीचा कारभार दुसरीत विलीन होतो, तेव्हा भागधारकांचा कौल घेतला जातो, धनकोंची संमती मागितली जाते आणि अखेरीस न्यायासनाची मंजुरी मिळते. परंतु खाणीवर किंवा हिशेबखात्यात राबणाऱ्या माणसाला आपल्या नोकरीचे काय, एवढेच जाणून घ्यायचे असते, आणि ते सांगण्याचा भार मधल्या फळीतील अधिकाऱ्यावर येऊन पडतो.

गोव्यातील डिचोलीने हा प्रसंग अल्पावधीत दोनदा अनुभवला. 2009 साली सेसा गोवा कंपनीने धेंपो समूहाचा खाणव्यवसाय, डिचोलीच्या खाणीसह, 1750 कोटी रुपयांना घेतला. पुढे 2013 साली स्टरलाइट इंडस्ट्रीज सेसा गोवात विलीन होऊन सेसा स्टरलाइट उदयास आली, तिचेच नाव 2015 पासून वेदान्त. वरवर सारखे भासणारे हे व्यवहार कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न होते. पहिल्यात केवळ भाग विकत घेतले गेले, म्हणजे धनी बदलला तरी कामगाराला नोकरीवर ठेवणारी कंपनी तीच राहिली. दुसऱ्यात स्टरलाइटचे स्वतंत्र अस्तित्व संपले, त्यामुळे नवी मालक कंपनी लाभली ती स्टरलाइटच्या तुतिकोरिन येथील कामगाराला, डिचोलीच्या नव्हे. हा भेद ज्या अधिकाऱ्याला नीट उमगला नाही, त्याने दिलेला दिलासा कितीही सद्भावनेचा असला तरी निराधारच ठरणार.

दुसऱ्या व्यवहाराप्रमाणे मालकी हस्तांतरित होते तेव्हा 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 25 एफएफ कामगाराच्या पाठीशी उभे राहत असे, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच तत्त्व कायम आहे: सेवा अखंड राहावी, शर्ती पूर्वीपेक्षा कमी हिताच्या नसाव्यात, आणि पुढे कपात झालीच तर भरपाई मूळ रुजू होण्याच्या तारखेपासून मोजावी; अन्यथा हस्तांतराच्या वेळीच भरपाई देणे प्राप्त होते. म्हणून ती तारीख नमूद केलेले पत्र प्रत्येकाच्या हाती देणे, हे माझ्या मते कोणत्याही मेळाव्यातील भाषणापेक्षा मनोधैर्याला अधिक उपकारक आहे.

2013 साली डिचोलीत आणखी एक अवघड गोष्ट होती. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून गोव्यातील खाणी बंद होत्या, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाच्या मनात खाणबंदी व विलीनीकरण यांची भीती एकजीव होणे स्वाभाविक होते. अशा वेळी विलीनीकरणाने सेवेला बाध येत नाही हे कागदासह सांगावे, बंदीचे भवितव्य मात्र आपल्या हाती नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतील अप्रकाशित वार्ता फोडणे सेबीच्या नियमांनी निषिद्ध असल्याने, ‘काही होणार नाही’ या खोट्या हवाल्यापेक्षा ‘हे आज मला सांगता येत नाही, जाहीर होताच सांगेन’ हे उत्तर श्रेयस्कर.

पेडण्याच्या तुये औद्योगिक वसाहतीतील एखाद्या छोट्या कारखान्यालाही लेखी पत्राचे आणि प्रामाणिक उत्तराचे हेच तत्त्व लागू पडते. मात्र एक उणीव मला सलते: व्यवस्थापकीय काम करणारा अधिकारी कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरत नाही, त्यामुळे इतरांना ज्या संरक्षणाची ग्वाही तो देतो, ते त्याला स्वतःला लाभत नाही. त्याचा हुद्दा, त्याचे वेतन व त्याची सेवाज्येष्ठता विलीनीकरणाच्या योजनेतच शब्दबद्ध करून घेणे, हे संचालक मंडळाचे कर्तव्य आहे, आणि तेही योजना न्यायासनापुढे जाण्यापूर्वी.