परिपत्रकातील दिनांक आणि अध्यापकाची सेवा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झालेले हे विद्यापीठ आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. विभागाच्या उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालयही अमरावतीलाच आहे. बुलढाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. मलकापूर, नांदुरा, शेगाव येथील अध्यापकास रेल्वे तरी मिळते, चिखली, मेहकर, लोणार येथील अध्यापकास तीही नाही. एखाद्या प्रस्तावात त्रुटी निघाली की तिची पूर्तता करण्यात एक संपूर्ण दिवस खर्ची पडतो. त्यामुळे या जिल्ह्यातील अध्यापकाला शासकीय कागद नीट वाचता येणे ही केवळ कार्यालयीन शिस्तीची बाब राहत नाही.

पूर्वी परिपत्रक सूचनावहीतून फिरत असे आणि अध्यापक त्यावर सही करीत. आता ते भ्रमणध्वनीवर येते व सहीचीही गरज उरत नाही. दोन्ही पद्धतींत बहुधा 'विषय' या शब्दापुढील ओळ तेवढी वाचली जाते. वस्तुतः अध्यापकाच्या सेवेवर परिणाम करणारा मजकूर पुष्कळदा अन्यत्र, म्हणजे संदर्भांत आणि दिनांकांत असतो. प्रस्तुत लेखात एम.फिल. पदवीच्या उदाहरणाने ही बाब स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदांची उतरंड

महाविद्यालयात येणारे सर्व कागद सारख्या वजनाचे नसतात. सर्वांत वर अधिनियम असतो. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने घेतली आणि तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याखाली विद्यापीठाचे परिनियम, अध्यादेश व विनियम येतात. (विद्यापीठाचा 'अध्यादेश' आणि राज्यपालांचा अध्यादेश या भिन्न गोष्टी आहेत, नवीन अध्यापकांची येथे नेहमी गल्लत होते.) विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम केंद्रीय अधिनियमातून येतात. वेतन व सेवाशर्तींबाबत राज्य शासन ते शासन निर्णयाद्वारे लागू करते. उदाहरणार्थ, आयोगाचे विनियम १८ जुलै २०१८ चे, तर सातव्या वेतन आयोगाच्या अनुषंगाने राज्याचा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा, आणि वेतनश्रेणी लागू होण्याचा दिनांक १ जानेवारी २०१६. एकाच विषयाचे हे तीन दिनांक असून तिघांचे काम वेगळे आहे.

परिपत्रक या सर्वांच्या खाली असते. ते नवा नियम निर्माण करीत नाही. असलेला नियम आठवून देते, त्याचा अर्थ सांगते किंवा मुदत कळवते. म्हणून परिपत्रक हाती आल्यावर प्रथम त्यातील 'संदर्भ' वाचावा. शासन निर्णयात हेच काम 'वाचा' या शीर्षकाखालील यादी करते. ज्या परिपत्रकास संदर्भच नाही, त्याच्या आधारे अध्यापकाचा हक्क नाकारला जात असेल तर मूळ नियम कोणता, हे लेखी विचारणे गैर नाही. मसुद्याचा तर याहून वेगळा प्रकार आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नेमणूक व पदोन्नतीविषयक विनियमांचा मसुदा जाहीर करून हरकती व सूचना मागविल्या, तेव्हा अनेक ठिकाणी तो लागू झालेला नियम समजून चर्चा झाली. राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत मसुदा कोणासही बंधनकारक नसतो.

एम.फिल.: एका पदवीचे बदलते मोल

दिनांकाचे महत्त्व एम.फिल.इतके दुसऱ्या कोणत्याही पदवीने शिकविले नसेल. १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी अधिव्याख्याता पदासाठी नेट परीक्षा आली. पुढे २००० च्या विनियमांनी ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम.फिल. पूर्ण केलेल्यांना नेटमधून सूट दिली. १४ जून २००६ च्या दुरुस्तीने ही सूट रुंदावली. पीएच.डी. धारकांना पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांसाठी, तर एम.फिल. धारकांना केवळ पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटची अट राहिली नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील बहुतेक पदे पदवी स्तराचीच असल्याने, नोकरी सांभाळून किंवा तासिका तत्त्वावर शिकवून एम.फिल. करण्याकडे ओढा वाढणे स्वाभाविक होते.

ही सवलत तीन वर्षेच टिकली. तिसऱ्या दुरुस्तीवर ३० जून २००९ हा दिनांक आहे. ती राजपत्रात ११ जुलै २००९ रोजी प्रसिद्ध झाली आणि प्रसिद्धीच्या दिवसापासून अमलात आली. नेट वा सेटमधून सूट आता फक्त २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. मिळविणाऱ्यांना उरली. २००७ किंवा २००८ मध्ये नोंदणी करताना पुरेशी असलेली एम.फिल. पदवी हाती येईपर्यंत नेमणुकीसाठी अपुरी ठरली. हा प्रश्न न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये पी. सुशीला प्रकरणात २००९ ची दुरुस्ती वैध ठरविली. पदवीसाठी नोंदणी केली तेव्हा सूट होती, एवढ्यावरून नेमणुकीचा हक्क निर्माण होत नाही. नेमणुकीच्या वेळी लागू असलेली अर्हताच पाहावी लागते, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ११ जुलै २०१६ च्या चौथ्या दुरुस्तीने ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी केलेल्या पीएच.डी. धारकांना पाच अटींवर सूट परत मिळाली. नियमित पद्धतीने मिळालेली पदवी, किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन शोधनिबंधांचे प्रकाशन आणि परिषदांतून दोन निबंधांचे सादरीकरण, अशा त्या अटी होत. एम.फिल. धारकांसाठी अशी तरतूद झाली नाही. नियम बदलल्याची झळ दोघांनाही बसली होती. दिलासा मात्र एकालाच मिळाला. हा भेद न्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे. अखेर ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रमच बंद केला. तत्पूर्वी मिळविलेल्या पदव्यांची वैधता त्यामुळे बाधित होत नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण 'एम.फिल. रद्द झाली' अशा सैल शब्दांत ही बातमी पसरली.

पदोन्नतीत उरलेले स्थान

नेमणुकीसाठी निरुपयोगी ठरलेली हीच पदवी पदोन्नतीत आजही मोजली जाते. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास स्तर १० वरून स्तर ११ वर जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास चार, एम.फिल. असल्यास पाच आणि दोन्ही नसल्यास सहा वर्षांची सेवा लागते. अर्थात एम.फिल. धारकाचे एक वर्ष वाचते.

हे वर्ष प्रत्यक्ष पदरात पडण्यासाठी अर्जाचा दिनांक सांभाळावा लागतो. पात्रता पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी महाविद्यालयाकडे लेखी अर्ज करण्याची मुभा आहे. पहिल्या मूल्यमापनात यश न आल्यास फेरमूल्यमापन एक वर्षानंतरच होते आणि मग पदोन्नती मूळ पात्रतेच्या दिनांकापासून न मिळता यशस्वी फेरमूल्यमापनाच्या दिनांकापासून मिळते. अपुऱ्या कागदांनिशी घाईने केलेला अर्ज म्हणूनच महाग पडतो. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के वा अधिक घेतल्यास अध्यापन 'चांगले' आणि ७० ते ८० टक्क्यांदरम्यान 'समाधानकारक' धरले जाते. आठवड्याला १६ तासांचा कार्यभार असलेल्या सहायक प्राध्यापकाने दैनंदिनी त्या त्या दिवशी भरली नसेल, तर पाच वर्षांनी ही टक्केवारी कशाच्या आधारे सिद्ध करावयाची? वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली दैनंदिनी छाननीच्या वेळी लगेच ओळखू येते.

अर्जाची प्रत आवक क्रमांक व दिनांकासह परत घ्यावी. आवक-जावक लिपिकाकडे पोच मागणे म्हणजे प्राचार्यांवर अविश्वास दाखविणे, असा संकोच लहान गावांतील महाविद्यालयांत विशेष आढळतो. परंतु प्राचार्य निवृत्त होतात, लिपिक बदलतात आणि त्यांच्यामागे कागदच राहतो. सेवापुस्तकातील नोंदींनाही हेच लागू आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची जुनी योजना राहिली नाही. या दिनांकाच्या आसपास रुजू झालेल्या अध्यापकाने सेवापुस्तकातील रुजू दिनांक, नेमणूक आदेश आणि विद्यापीठाचे मान्यता पत्र एकमेकांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

एम.फिल. धारकांच्या संचिकेत आणखी एका कागदाची उणीव वारंवार दिसते. पदवी प्रमाणपत्रावर दीक्षान्त समारंभाचा दिनांक असतो. निकालाची अधिसूचना मात्र त्याच्या कित्येक महिने आधी निघालेली असते. ज्यांची पदवी २००९ च्या सुमाराची आहे, त्यांच्या बाबतीत यांपैकी एक दिनांक ११ जुलैच्या अलीकडे व दुसरा पलीकडे पडू शकतो. म्हणून प्रमाणपत्रासोबत निकालाच्या अधिसूचनेची साक्षांकित प्रतही विद्यापीठातून मिळवून संचिकेस जोडावी.