व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर
व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर हा इलेक्ट्रिक गिटारचा क्षीण संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवणारा ध्वनिवर्धक होय. क्षमतेपलीकडे नेल्यास नलिका संकेताची शिखरे हळूहळू छाटतात. त्यातून उमटणारा खरखरीत नाद रॉक संगीताची ओळख ठरला. १९६२ मध्ये लंडनमध्ये घडवलेला मार्शल जेटीएम ४५ अमेरिकी फेंडर बासमनच्या रचनेवर आधारलेला होता.

निवड
बहुपयोगी संचात स्वच्छ व खरखरीत स्वरांसाठी स्वतंत्र चॅनल असतात. मास्टर व्हॉल्यूममुळे कमी आवाजातही खरखरीत नाद मिळतो. १०० वॅटचा संच १० वॅटच्या संचापेक्षा सुमारे दुप्पटच मोठा भासतो. त्यामुळे घरगुती वापरास कमी वॅट पुरतात. रत्नागिरीसह भारतभर वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेल्या अमेरिकी संचास स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आवश्यक असतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो. म्हणून संच जाणकाराकडूनच उघडून घ्यावा.