हातातला कन्सोल नांदेड-लातुरात चालेल का?

रील्स बघून हँडहेल्ड गेमिंग कन्सोल घ्यावासा वाटतोय? पीसीवरचे गेम होस्टेलच्या कॉटवर लोळत खेळायचे, कुणाला नको आहे! पण आधी जरा हिशेब करू.

असूसनं जुलै २०२३मध्ये ‘आरओजी अ‍ॅलाय’ भारतात आणला. किंमत ६९,९९० रुपये. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,६०० रुपये. म्हणजे एका कन्सोलसाठी पंधरा क्विंटलहून जास्त सोयाबीन! ऑगस्ट २०२४मध्ये सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टल’ आला १८,९९० रुपयांना. स्वस्त वाटला ना? पण आला तेव्हा तो घरातल्या पीएस५वर चालणारा गेम वायफायवरून फक्त हातात आणून द्यायचा. पीएस५ नसेल तर उपयोग शून्य. आणि २०१७चा निन्टेन्डो स्विच? जगभर तुफान खपला, पण कंपनीनं तो आपल्याकडे अधिकृतपणे आणलाच नाही. मिळतो तो बाहेरून आलेला माल.

स्वस्तात मस्त तोच जिंकतो

१९८९मध्ये आलेल्या गेम बॉयला रंगीत स्क्रीनसुद्धा नव्हता. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा, शिवाय स्वस्त. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. आपल्याकडेही माळेगावच्या यात्रेत किंवा सिद्धेश्वराच्या जत्रेत मुलांनी घेतला तो पेन्सिल सेलवरचा ब्रिक गेमच.

आज ती जागा मोबाइलनं घेतलीय. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि फुकटातला पबजी घराघरांत पोहोचला. सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली, तर २०२१मध्ये बीजीएमआय आला. मोबाइल अभ्यासालाही लागतो, म्हणून घरचे घेऊन देतात. नीटच्या क्लासला पाठवलेल्या पोराला सत्तर हजारांचा कन्सोल कोण घेऊन देईल?

मग मार्केट नाहीच का?

आहे, पण अटी आहेत. किंमत मोबाइलच्या आसपास हवी, गेम स्वस्त हवेत आणि दुरुस्ती आपल्याच शहरात व्हायला हवी. पीएस५चा नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो, तिथंच आपलं गाडं अडतं. तोवर इथं चालतील त्या मोबाइलला लावायच्या कंट्रोलरसारख्या छोट्या वस्तू आणि सेकंडहँड माल. दुरुस्ती शिकलेल्यालाही काम आहे, कारण जॉयस्टिक झिजणं हे या कन्सोलचं नेहमीचं दुखणं.

तरीही घ्यायचाच असेल तर...

- वॉरंटी भारतात चालते का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे आधी विचारा.
- जड गेम लावला की बॅटरी दोन तासही टिकत नाही. लोडशेडिंगचा विचार करा.
- ईएमआयमध्ये वर्षभराच्या गेमचा खर्चही धरा. बेरीज मेसच्या बिलापुढे गेली, तर सध्या थांबा!