शीतकपाटाची तप्त काच

छत्रपती संभाजीनगराहून जालना रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे मांगीरबाबांच्या यात्रेमुळे मराठवाडाभर ठाऊक असलेले शेंद्रा लागते. तेथील औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. आणि १९४९ साली जर्मनीत हान्स लीबहेर यांनी बांधकामाच्या क्रेनपासून आरंभिलेल्या, १९५४ पासून शीतयंत्रांकडेही वळलेल्या उद्योगसमूहाने आपला भारतातील फ्रीजचा कारखानाही याच वसाहतीत उभारला. तेथे बनतात ते घरगुती फ्रीज. परंतु हवेतील बाष्पाशी जो झगडा शीतयंत्राच्या प्रत्येक कारागिरास करावा लागतो, त्याचे सर्वांत अवघड रूप पाहावयाचे तर दुकानातील काचेच्या दाराच्या डीप फ्रीझरपुढेच उभे राहिले पाहिजे.

आतील माल उणे १८ अंशांवर, बाहेर पावसाळ्यातील दमट हवा, आणि मध्ये केवळ काच. कोणताही पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूहून थंड झाला की त्यावर पाणी सुटते, हा सृष्टीचा नियम दुकानदाराची गैरसोय पाहून थांबत नाही. काच धुरकटली की आत काय आहे हे पाहण्यासाठीच गिऱ्हाईक दार उघडते, दमट हवा आत शिरते, शीतनलिकांवर हिम साचते, आणि खाली टपकलेल्या पाण्याने फरशी निसरडी होते ती वेगळीच.

यावर योजलेला उपाय मला यंत्रविद्येतील अत्यंत सुंदर उपायांपैकी एक वाटतो. दाराला दोन किंवा तीन काचा बसवून त्यांमधील पोकळीत कोरडी हवा अथवा आरगॉन वायू कोंडतात. बाहेरच्या काचेच्या आतील अंगावर टिन ऑक्साइडचा, डोळ्यांस न दिसणारा परंतु विद्युत्‌वाहक असा लेप देतात. आणि समोरासमोरच्या दोन कडांवरील वाहक पट्ट्यांतून प्रवाह सोडला की सारी काच एकसारखी, दवबिंदूच्या किंचित वर राहील इतकीच, उबदार होते. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकापुढील काचेवर बर्फ धरू नये म्हणून अशाच लेपाचा उपयोग झाला होता. धातूची चौकट काचेपेक्षाही त्वरेने थंडी बाहेर आणते, म्हणून तिच्यात तापक तार निराळी घालावी लागते. पुष्कळ घरगुती फ्रीजांत हीच तजवीज कंप्रेसरकडून येणारी गरम नळी दाराच्या कडेने फिरवून, म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच केलेली असते. ती युक्ती अधिक काटकसरीची खरी, पण उघडझाप होणाऱ्या पारदर्शक दारात ती नळी नेणार कोठून?

तेव्हा वीज आली, आणि विजेसोबत खर्च आला. तोही दुहेरी, कारण काचेस दिलेल्या उष्णतेचा काही अंश आत झिरपतो व तो बाहेर काढण्याचा भार पुन्हा कंप्रेसरवर पडतो. येथे मराठवाड्याची हवा विचारात घेणे अगत्याचे आहे. जुलैत २८ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असता दवबिंदू सुमारे २४ अंशांवर असतो. मे महिन्यात ४० अंशांच्या उन्हाळ्यात आर्द्रता २० टक्के असेल तर तो सुमारे १३ अंशांवर उतरतो. म्हणजे ज्या दिवसांत उष्म्याने माणसास घाम फुटतो, त्याच दिवसांत काचेस तो फुटण्याची भीती सर्वांत कमी. दार उघडल्यावर आतील काचेवर धरलेले धुके उडवण्यापुरती ऊब तेव्हाही लागेल. पण श्रावणातील मात्रा वैशाखातही अहोरात्र चालू ठेवणे हा निखळ अपव्यय होय. अमेरिकेच्या २००७ च्या ऊर्जा कायद्याने, माणसास आत शिरता येईल अशा शीतकोठ्यांच्या पारदर्शक दारांविषयी हाच मुद्दा ओळखला: गोठणकोठीच्या दाराच्या तापकांनी दर चौरस फुटास ७.१ वॅटहून अधिक वीज घेतल्यास, बाहेरील आर्द्रतेनुसार किंवा आतील काचेवरील धुक्यानुसार ती घटवणारा नियंत्रक त्यात असलाच पाहिजे.

लेप, काच आणि वायू यांची कारागिरी कितीही उत्तम असो, दवबिंदू जोखून प्रवाह कमीजास्त करणारा हा नियंत्रक नसेल तर आपल्या कोरड्या मुलखात ते दार अपुरेच मानावे लागेल. तेव्हा येथील दुकानदारांनी फ्रीझर घेताना किती लिटरचा आणि किती किमतीचा एवढेच न पुसता, काचेच्या तापकास आर्द्रतेचा नियंत्रक आहे काय, हेही विक्रेत्यास अवश्य विचारावे.