जुन्या मोटारीची पारख

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत जुनी मोटार विकत घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने तिच्या झळाळत्या रंगावर भुलण्यापूर्वी खाली वाकून तिचा तळ न्याहाळावा. कारण खारा वारा आणि पावसाळी ओल यांच्या संयोगाने पत्रा प्रथम गंजतो तो चाकांच्या कमानींत आणि दारांच्या खालच्या कडांत, जेथे दृष्टी सहसा पोहोचत नाही.

इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच करावी. धूर सतत निळसर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजून ऑइल जळत आहे असे समजावे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर न थांबता ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आढळली, तर हेड गॅस्केटचा संशय बळावतो. कार्लेखिंडीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट झिजली आहे.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड जलमय झाले, हे स्मरून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. मोटार पुरात बुडालेली असेल, तर धुतलेल्या गालिच्यावर न दिसणारा गाळाचा डाग तेथे सापडू शकतो.

अखेरीस चासी व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीच्या दाखल्याशी ताडून, कर्जाचा बोजा दप्तरातून उतरला आहे याची खातरजमा करावी आणि मगच बयाणा द्यावा. कुटुंबाची सुरक्षितता या अर्ध्या तासाच्या दक्षतेवर अवलंबून असते.