त्वचेचे चिवट आजार – लेखांक ५ : डोळ्यांचा रोझेशिया

रोझेशिया हा गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी लाल करणारा दीर्घकालीन दाहक विकार आहे. पुष्कळ रुग्णांत तो डोळ्यांपर्यंत पोचतो. काहींत तर चेहऱ्यावर काही दिसण्याआधीच डोळ्यांच्या तक्रारी सुरू होतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन उठून दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांचा त्रास आणि चेहऱ्याचा दाह यांचा संबंध लक्षात यायचा राहून जातो.

या विकाराचा मुख्य तळ पापण्यांच्या कडेला असतो. तेथे प्रत्येक पापणीत साधारण २० ते ४० सूक्ष्म तैलग्रंथी ओळीने असतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि अश्रू लवकर वाळू देत नाही. रोझेशियात हे तेल थिजलेल्या तुपासारखे दाट होते, ग्रंथींची तोंडे बुजतात आणि अश्रूंचा थर ठिकठिकाणी विरतो. कोरड्या पडलेल्या डोळ्याला टोचू लागले की प्रतिक्षिप्त क्रियेने पाणी वाहते. म्हणूनच कोरडेपणा असूनही डोळे पाणावतात.

जळजळ, खुपणे, पापण्यांच्या कडा लाल होणे, पापण्यांना खपल्या धरणे, वारंवार रांजणवाडी होणे ही नेहमीची लक्षणे होत. निश्चित निदान करणारी रक्ततपासणी नाही. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पापण्यांच्या कडा आणि ग्रंथींतून येणारे तेल पाहतात, चेहराही तपासतात.

उपचाराचा पाया म्हणजे पापण्यांची रोजची निगा. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवावे. गार झाले की पुन्हा भिजवावे. तेल सैल झाल्यावर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकेच चोळावी व कडा पुसून घ्याव्यात. पापणीच्या आतल्या कडेला काजळ लावल्यास ग्रंथींची तोंडे बुजू शकतात, म्हणून ते टाळावे. ऊन, उष्णता, कढत चहा, तिखट आणि मद्य यांपैकी काय बाधते हे प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते. नोंद ठेवली की ते उमगते.

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रू देतात. दिवसातून अनेकदा घालायचे असल्यास परिरक्षकविरहित थेंब बरे. एवढ्याने दाह शमला नाही तर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक कमी मात्रेत काही आठवडे ते महिने दिले जाते. येथे त्याचा उपयोग जंतू मारण्यापेक्षा दाह शमवण्यासाठी अधिक होतो. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, लगेच आडवे होऊ नये आणि उन्हापासून जपावे. गरोदरपणात व लहान मुलांना ते सहसा देत नाहीत. स्टेरॉइडचे थेंब मात्र नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडेच दिवस वापरावेत. स्वतःच्या मनाने चालू ठेवल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदूचा धोका असतो.

दाह डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलापर्यंत, म्हणजे कॉर्नियापर्यंत गेला की त्यात रक्तवाहिन्या शिरतात, व्रण होतात आणि दृष्टी जाऊ शकते. प्रकाश असह्य होणे, तीव्र वेदना किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. एरवी हा आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. त्रास थांबल्यावरही पापण्यांची निगा चालू ठेवणाऱ्यांत तो पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी राहते.