नावातली फणी आणि खाचेतली फणी

स्कॅलप म्हणजे पंख्यासारख्या आकाराची, माथ्याला दोन कान असलेली शिंपली. ती ताटात कधी आली नसली, तरी एका तेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरच्या पिवळ्या चिन्हामुळे तिचा आकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लिनियसने 1758 मध्ये तिला कालवांच्याच प्रजातीत टाकलं होतं. पुढे 1776 मध्ये म्युलरने तिच्यासाठी ‘पेक्टेन’ ही वेगळी प्रजाती केली. लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे फणी. माथ्यापासून कडेपर्यंत उतरत जाणारे कंगोरे पाहिले की हे नाव कसं सुचलं असेल ते सांगायला नको. पण गंमत अशी, की आज या कुळाची ओळख ज्या खुणेवर पटवतात तीही एक फणीच आहे, फक्त ती पाठीवर नाही आणि भिंगाशिवाय धड दिसतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्कॅलपच्या वर्गीकरणात डोळ्यांत भरणाऱ्या फणीने वारंवार चकवलं आणि दडलेल्या फणीने बहुतेक वेळा खरं सांगितलं. ते ऐकायला मात्र जिवंत शिंपल्यांइतकेच जीवाश्मही हाताशी लागतात.

ही दुसरी फणी शोधायची रीत साधी आहे. सुटी झडप बाहेरची बाजू आपल्याकडे आणि बिजागरी वर अशी धरायची. उजवी झडप असेल तर पुढचा कान आपल्या उजव्या हाताला येतो आणि त्या कानाखाली एक खाच असते. लहानपणी स्कॅलप याच खाचेतून बिससचे रेशमासारखे धागे बाहेर काढून दगडाला किंवा शेवाळाला चिकटून राहतो. खाचेच्या खालच्या काठावर, उजेड तिरपा पाडला तर, बारीक दात्यांची एक ओळ दिसते. हेच टेनोलियम. ग्रीक मुळावरून आलेलं हे नाव, आणि अर्थ पुन्हा ‘छोटी फणी’च. दाते धाग्यांना एकमेकांपासून अलग ठेवतात. धागे एका जागी गोळा न होता रुंदीत पसरले, की लाटेच्या ओढीने शिंपली सहज गरकन फिरत नाही. स्मिथ्सोनियन संस्थेतले जीवाश्मतज्ज्ञ थॉमस वॉलर यांनी 1984 मध्ये या दात्यांचं काम आणि त्यांचा इतिहास तपशिलाने मांडला आणि पेक्टिनिडी कुळाची हीच निर्णायक खूण ठरवली. खोल समुद्रातले काचेसारखे पातळ प्रोपेअम्युसिइडी दिसायला स्कॅलपच, पण त्यांच्या खाचेत फणी नाही, म्हणून त्यांचं कुळ वेगळं.

इथे पहिली शंका येते आणि ती रास्त आहे. पुष्कळ प्रौढ स्कॅलप धागे सोडून मोकळे राहतात, मग त्यांची खाच उथळ होते आणि दाते बुजतात. जी खूण मोठेपणी पुसली जाते तिच्यावर आख्खं कुळ कसं उभं करायचं? उत्तर शिंपलीच्या वाढण्यात आहे. ती कात टाकत नाही, कडेला नवा थर चढवत मोठी होते, त्यामुळे तिचं बालपण माथ्याजवळ शिल्लक राहतं. झीज फार झाली नसेल तर वाढीच्या रेषा मागे मागे वाचत खाचेची जुनी अवस्था गाठता येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा क्रासाडोमा जायगँटिया याचा ठसठशीत दाखला आहे. मोठेपणी तो खडकाला कायमचा जखडतो आणि कालवासारखा ओबडधोबड वाढतो. माथा तपासला तर मात्र तिथे एक छोटा, नीटस स्कॅलप बसलेला सापडतो.

उलट आकार किती फसवा असतो, हे तरंगत जाणाऱ्या स्कॅलपांनी दाखवलं. झडपांची उघडझाप करून पाण्याचा झोत सोडत बरेच स्कॅलप पोहतात, पण काहींची झेप लांब पल्ल्याची असते. अशांची शिंपली चपटी, गोल आणि बाहेरून गुळगुळीत. या रूपावर जाऊन जपान, ऑस्ट्रेलिया आणि कॅरिबियनमधल्या जाती ‘अम्युझियम’ या एकाच प्रजातीत बसवल्या गेल्या होत्या. डीएनए तपासल्यावर त्या जवळच्या नात्यातल्या निघाल्या नाहीत. पोहण्याची गरज सारखी, म्हणून घडण सारखी झालेली. कॅरिबियनमधली जात युव्होलात गेली आणि जपानी व ऑस्ट्रेलियन जातींसाठी 2014 मध्ये इलिस्ट्रम ही नवी प्रजाती करावी लागली. कंगोऱ्यांच्या फणीवरच विसंबून राहिलं असतं, तर जिथे फणीच नाही अशा या शिंपल्यांचं काय करायचं होतं?

मग शिंपल्या घासत बसण्यापेक्षा डीएनएवरच सोपवावं, असं कुणी म्हणेल. जिवंत जातींपुरतं मी ते निम्मं मान्य करतो, इलिस्ट्रमची चूक भिंगाने पकडली नव्हती. पण पेक्टिनिडींचा इतिहास ट्रायासिकपर्यंत मागे जातो आणि त्यातले बहुसंख्य नष्ट झालेले आहेत. त्यांचा डीएनए उरलेला नाही, शिंपली उरली आहे. तीही सुदैवाने मुख्यतः कॅल्साइटची, त्यामुळे अ‍ॅरागोनाइटच्या शिंपल्या जिथे विरघळून नुसता पोकळ ठसा मागे राहतो, तिथेही स्कॅलप शाबूत मिळतात.

व्हर्जिनियातल्या नदीकाठच्या कड्यांमधला चेसापेक्टेन हा जीवाश्म स्कॅलप पाहावा. त्याचं चित्र मार्टिन लिस्टरने 1687 मध्येच छापलं होतं, उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचं ते पहिलं चित्र मानलं जातं. थॉमस से यांनी 1824 मध्ये माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या नावावरून त्याला जातीचं नाव दिलं आणि 1975 मध्ये वॉर्ड व ब्लॅकवेल्डर यांनी ‘चेसापेक्टेन’ ही प्रजाती वेगळी काढली. मायोसीनच्या खालच्या थरातल्या जातींत खाच खोल, म्हणजे प्राणी मोठेपणीही धाग्याला धरून होता. वर प्लायोसीनकडे यावं तशी प्रौढांची खाच उथळ होत जाते. थरांचा क्रम शिंपल्यांच्या आकारावरून ठरवलेला नाही, म्हणून ही साक्ष स्वतंत्र आहे. आता सलग बदलाला मध्येच कापून जाती पाडणं मनमानी नाही का? थोडी आहेच. कुठे कापायचं यावर वाद व्हावेत, होतातही. पण कापाची जागा वादाची असली म्हणून बदलाची दिशा वादाची ठरत नाही, आणि ती दिशा जिवंत शिंपल्या टेबलावर मांडून कधीच दिसली नसती.

त्या कड्यांखाली अखंड शिंपल्यांपेक्षा तुकडेच जास्त पडलेले असतात. कंगोऱ्यांचा एखादा तुकडा हातात आला तर त्यावरून जात सांगायला जीव कचरतो. पण कानाखालच्या काठाचा नखाएवढा तुकडा मिळाला आणि त्यावर दोन-तीन दाते असले, तर जातीची जागा कोरी ठेवून का होईना, चिठ्ठीवर ‘पेक्टिनिडी’ एवढं लिहिता येतं.